वासोट्याची नाव आणि चौदा वर्षं हरवलेला रोबो

पहिला दिवस, शुक्रवार

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दादाचा, म्हणजे माझ्या मामेभावाचा, व्हॉट्सअॅपवर एक फोटो आला. वाळवंट, पडकं मोटेल आणि त्याच्या शेजारी दोन मजली घराएवढा डायनासोर. खाली एवढंच लिहिलेलं, "ओळख बघू."

ओळखायला कितीसा वेळ लागणार! 'फॉलआउट : न्यू व्हेगस' या व्हिडिओ गेममधलं नोव्हॅक गाव. मोटेलच्या 'नो व्हेकन्सी' पाटीतली शेवटची अक्षरं गेली आणि जी उरली तेच गावाचं नाव झालं. पण माझी नजर अडकली ती कडेच्या सेव्हच्या, म्हणजे जपून ठेवलेल्या डावांच्या, यादीवर. पात्राचं नाव होतं 'सातारकर'. ते मी ठेवलं होतं, २०११ च्या मे महिन्यात, पंधराव्या वर्षी, साताऱ्यात, गोडोलीतल्या मामाच्या घरी बसून.

दोन दिवसांची रजा टाकली, शनिवार-रविवार त्याला जोडला आणि स्वारगेटहून एसटी धरली. खंबाटकीचा घाट ओलांडला की हवा बदलते असं आई म्हणायची. हवा बदलली की नाही ते कळलं नाही, पण भूक लागली. स्टँडवर दादा स्कूटर घेऊन उभा. "बस. मामीनं झुणका केलाय, गार व्हायच्या आत पोचायचंय."

जेवणं झाल्यावर दादानं कपाटातून एखादा देव काढावा तशी जुनी हार्ड डिस्क काढली. माळ्यावरचा संगणक केव्हाच मेला होता, डिस्क तेवढी जिवंत निघाली. त्यातले सेव्ह त्यानं नव्या लॅपटॉपवर आणले होते आणि ते चक्क उघडले.

ज्यांना हा गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०७७ साली अणुयुद्ध होऊन जग बेचिराख झालंय. गोष्ट सुरू होते २२८१ मध्ये, नेवाडाच्या मोहावी वाळवंटात. तुम्ही एक कुरियर. कुणीतरी तुमच्या डोक्यात गोळी घालून तुम्हाला पुरलंय, गुडस्प्रिंग्ज गावच्या डॉक्टरनं वाचवलंय. पुढे कुठं जायचं, कुणाची बाजू घ्यायची, कुणाला मारायचं आणि कुणाला सोडायचं, सगळं तुमच्या हातात. ऑब्सिडियन या कंपनीनं तो जेमतेम अठरा महिन्यांत बांधला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये बाजारात आणला. अठरा महिने कमीच पडले. आला त्याच आठवड्यात त्या डॉक्टरचा एक व्हिडिओ जगभर फिरला. डॉक्टर शांतपणे तुमची तब्येत विचारतोय आणि त्याचं मुंडकं मानेवर भोवऱ्यासारखं फिरतंय.

याच्या आधीचा 'फॉलआउट ३' तर मायक्रोसॉफ्टनं २००८ मध्ये भारतात आणलाच नाही. कारण दिलं सांस्कृतिक संवेदनशीलतेचं. नेमकं काय खटकलं ते सांगितलं नाही, पण या गेममध्ये किरणोत्सर्गानं दोन डोकी फुटलेल्या गाई आहेत आणि त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, हे कळल्यावर लोकांनी आपापला तर्क लढवला. मामांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दोन डोकी म्हणजे वैरण दुप्पट. परवडायचं नाही."

आमच्या त्या सुट्टीत दुपारी हमखास लाइट जायची आणि इन्व्हर्टरवर फक्त पंखा नि ट्यूब चालायची. शिवाय गेम स्वतःच दर तासाला उताणा पडायचा. त्यामुळे दर पाच मिनिटांनी एफ ५ दाबून सेव्ह करायची सवय दोघांच्याही बोटांत अजून आहे. ऑफिसात एक्सेलमध्येसुद्धा माझं बोट तिकडे जातं.

सेव्ह उघडला आणि पहिली आठवण आली ती ईडी-ईची. ईडी-ई म्हणजे डोक्याएवढा, उडता, पिपाणीसारखं वाजणारा रोबो, आमचा साथीदार. त्या मे महिन्यात एके दिवशी तो गायब झाला तो झालाच. या गेममध्ये साथीदार जमिनीत रुततात, डोंगरात अडकतात, हवेत विरतात. बग म्हणून आम्ही त्याच्या नावानं दोन दिवस शिव्या घातल्या होत्या.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हटलं, दोन ओळी टाइप केल्या की येईल समोर. कन्सोल, म्हणजे गेमला थेट हुकूम द्यायची खिडकी, उघडायचा, त्याचा नंबर द्यायचा आणि 'मूव्हटू प्लेअर'. दादानं लॅपटॉपच मिटला. "तसं नको. हरवलाय तर शोधू."

(खेळून बघायचा असेल तर : चार जीबी पॅचर आधी घाला, कारण मूळ गेम दोन जीबीच्या वर मेमरी वापरतच नाही आणि मग गुदमरतो. 'युप' नावाचा चाहत्यांनी केलेला दुरुस्ती पॅच घाला. आणि दादाचं ऐकायचं तर ऑटोसेव्ह बंद ठेवा, त्यानं फायली खराब होतात म्हणे. हा शेवटचा सल्ला आम्हाला महागात पडला, ते पुढे येईलच.)

दुसरा दिवस, शनिवार

सकाळी सातला अजिंक्यतारा. सातारा शहरात कुठंही उभं राहा, मान वर केली की किल्ला आणि त्यावरचा टीव्ही टॉवर दिसतो. लहानपणी मी दोनदा हरवले आणि दोन्ही वेळा टॉवर बघत घरी आले. न्यू व्हेगसमध्ये हेच काम लकी ३८ हा उंच मनोरा करतो. नकाशावरच्या बाणाच्या मागे चालणं ही मजुरी झाली. क्षितिजावर काहीतरी दिसतंय म्हणून वाट वाकडी करून जाणं हे खरं भटकणं, आणि या गेमचा सगळा जीव त्यात आहे. वरून कृष्णेकडचा भाग धुक्यात होता, खाली पोवई नाक्यावरचे हॉर्न मात्र स्पष्ट ऐकू येत होते.

उतरून मिसळ खाल्ली, मोती चौकातून कंदी पेढे घेतले. पेढे पुण्याला न्यायचे होते. लिंब फाट्यापर्यंत पुरले.

लिंबची बारामोटेची विहीर मी याआधी पाहिली नव्हती याची आता लाज वाटते. सातारच्या शाहू महाराजांच्या काळात विरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधून घेतली. खोली ११० फूट, व्यास ५० फूट, आणि नावाप्रमाणे बारा मोटा एका वेळी चालायच्या. आकडे वाचून काही कळत नाही. शेतातून चालत जावं, उसाच्या पलीकडे जमिनीत एक जिना उतरताना दिसावा, कमानीखालून आत शिरावं, आणि पाण्याच्या बरोबर वर, विहिरीच्या पोटात, खांबांचा एक छोटा महाल उभा असावा! भिंतीवर कोरलेले वाघ. वर गेलं की मोटेचे दगड, त्यावर दोरानं पडलेल्या खाचा.

दादा खालून ओरडला, "व्हॉल्ट!" विहिरीनं ते तीनदा परत दिलं.

व्हॉल्ट म्हणजे फॉलआउटमधली भूमिगत आश्रयस्थानं. युद्धात लोकांना वाचवायला बांधल्याचं सांगितलेली, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आत माणसांवर प्रयोग. पायऱ्यांवर बसून आम्ही दोघांनी व्हॉल्ट ११ आठवून काढलं. (हा गेम खेळणार असाल तर पुढचा परिच्छेद सोडा.)

तिथं तुम्ही शिरता तेव्हा कुणीच जिवंत नसतं. भिंतीवर फक्त निवडणुकीची पोस्टर. ती वाचून चक्रावायला होतं, कारण प्रत्येक पोस्टर सांगतं की अमक्याला निवडा, तो वाईट आहे. हळूहळू जुन्या नोंदी आणि ध्वनिफिती सापडत जातात. व्हॉल्टच्या यंत्रानं हुकूम केलेला असतो की दरवर्षी एक माणूस बळी द्या, नाहीतर सगळे मराल. म्हणून निवडणूक. शेवटी मूठभर उरतात आणि बळी द्यायला नकार देतात. तेव्हा यंत्र त्यांचं अभिनंदन करतं आणि सांगतं, दार उघडं आहे. पहिल्याच वर्षी नाही म्हटलं असतं तरी उघडलं असतं. हे सगळं कुणी पात्र येऊन सांगत नाही. खोल्या हिंडून तुमचं तुम्हाला जुळवावं लागतं, मोटेच्या खाचा बघून बैल किती वर्षं फिरले असतील याचा अंदाज घ्यावा तसं.

(विहिरीसाठी : हायवेवरून लिंब फाट्याला आत वळायचं, गाडी वस्तीजवळ लावून चालत. पायऱ्या शेवाळतात, पावसाळ्यात चप्पल घालून उतरू नका. टॉर्च न्या, आणि भिंतीवर नाव लिहायची हुक्की आली तर पेन घरी ठेवा.)

रात्री वेगळाच प्रकार झाला. वहिनी शाळेत शिकवतात आणि गेम या गोष्टीकडे त्या शिळ्या भाकरीकडे बघावं तसं बघतात. "एवढं काय आहे त्यात, मला बघू दे," म्हणून त्यांनी नवा डाव सुरू केला.

गुडस्प्रिंग्जमध्ये त्यांनी प्रत्येक माणसाशी बोलून घेतलं. एका घरात टेबलावरच्या बाटलीवर नेमका बाण गेला, अक्षरं लाल झाली. मी म्हटलं, लाल म्हणजे चोरी, पण कुणी बघत नाहीये. "म्हणून उचलायची?" बाटली तिथंच राहिली. गावावर गुंडांची टोळी चालून येणार असते. गावाच्या बाजूनं लढायचं, गुंडांना मिळायचं की आपल्या वाटेनं निघून जायचं, हे तुमच्यावर. आम्ही तेव्हा गुंडांना मिळालो होतो, दुकानातला सगळा माल फुकट मिळेल म्हणून. हे वहिनींना सांगितलं नाही.

गुंडांचा निकाल लागल्यावर त्यांनी विचारलं, "व्हेगस कुठाय?" उत्तरेला मनोरा चमकत होता. त्या सरळ उत्तरेला निघाल्या. दादा आणि मी गप्प. पहिल्यांदा काझाडोर नावाच्या कुत्र्याएवढ्या गांधीलमाश्यांनी मारलं. दुसऱ्यांदा खाणीपाशी डेथक्लॉ नावाच्या लांब नखांच्या राक्षसानं. तिसऱ्यांदा पुन्हा डेथक्लॉनं, यावेळी पळताना.

"रस्ता आहे तर जाऊ का देत नाहीत?"

जाऊ देतात, हीच तर गंमत आहे. पाटी नाही, कुलूप नाही. गेम तुम्हाला दक्षिणेकडून लांबचा वळसा घालायला लावतो तो फक्त भीती दाखवून. पुरेसे चतुर असाल तर पहिल्या तासातही उत्तरेनं निसटता येतं, आणि मग गोष्ट वेगळ्याच क्रमानं घडते. बग येतात तेही इथूनच. या गेममधली प्रत्येक कामगिरी म्हणजे आतून पायऱ्यांचे आकडे असतात. दहावी झाली की विसावी, मग तिसावी. आता विसाव्या पायरीवर ज्याच्याशी बोलायचं त्याला तुम्ही आधीच मारून बसलात तर? न्यू व्हेगसमध्ये लहान मुलं सोडली तर जवळजवळ कुणालाही मारता येतं. मी पोटासाठी तपासते त्या अॅपमध्ये चार बटणं असतात आणि तेवढ्यावरच आमचे तीन आठवडे जातात. इथं खेळाडू कुठल्या क्रमानं काय करील याला अंतच नाही. त्यामुळे ज्या गेममध्ये एकही बग सापडत नाही त्याचा मला थोडा संशयच येतो. आत कुणाला हिंडूच दिलं नसेल.

ऑब्सिडियननं यावर एक तोडगा काढलाय तो मला फार आवडतो. सगळ्यांना मारून टाकलंत तरी गोष्ट शेवटाला जावी म्हणून 'यस मॅन' नावाचा रोबो ठेवलाय. तो प्रत्येक गोष्टीला हसून हो म्हणतो, आणि त्याला फोडलं तरी दुसऱ्या यंत्रात शिरून परत येतो.

"असा एक आमच्या स्टाफरूममध्ये आहे," वहिनी म्हणाल्या आणि झोपायला गेल्या.

तिसरा दिवस, रविवार

पहाटे पाचला वासोटा किल्ल्यासाठी निघालो. यवतेश्वर चढून कासच्या रस्त्याला लागलो तेव्हा धुकं इतकं दाट की दादानं काच खाली करून कडेचं गवत बघत गाडी चालवली. कासची फुलं ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत. आम्ही गेलो तेव्हा पठार पिवळं आणि रिकामं होतं, आणि खरं सांगू, माणसांच्या रांगेशिवाय ते मला जास्त आवडलं.

बामणोलीत वनखात्याची परवानगी, ओळखपत्रं, आणि पिशवीतल्या प्लास्टिकची मोजदाद. नेलं तेवढं परत आणलेलं दाखवावं लागतं. (नावेचं भाडं अख्ख्या नावेचं असतं, माणशी नाही. दोघंतिघं असाल तर धक्क्यावर थांबा, गट जमतो. पाणी भरपूर न्या, वर काही मिळत नाही. आणि उजेडी परतायचं हे नीट ठरवून चढा.)

शिवसागरातून दीड तासाची नाव. दोन्ही बाजूंना जंगल, पाण्यावर वाफ. नावाड्याचे वडील सोबत होते, पलीकडच्या काठावर कुणाकडे तरी निघालेले. मध्येच त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "हितं आमचं शेत हाय."

होतं नाही म्हणाले. हाय म्हणाले.

कोयना धरणाचं पाणी चढलं तेव्हा ते लहान होते. भावकीतली निम्मी माणसं ठाणे जिल्ह्यात गेली, सरकारनं जमीन दिली तिथं. त्यांच्या वडलांनी पाण्याच्या वर सरकायचं ठरवलं. "कोण चुकलं म्हणायचं? तिकडं गेल्यांची पोरं नोकरीला लागली. आमच्याकडं नाव आली." उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी जोती उघडी पडतात, तेव्हा ते जाऊन बसतात. मग १९६७ च्या डिसेंबरातल्या त्या पहाटेच्या भूकंपाचं सांगितलं. गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली ती चार दिवसांनी सापडली.

मला न्यू व्हेगसचा शेवट आठवत होता. त्यातली शेवटची लढाई हूवर धरणावर होते. ते धरण कुणाच्या ताब्यात द्यायचं, न्यू कॅलिफोर्निया प्रजासत्ताकाच्या, गुलाम बाळगणाऱ्या लीजनच्या, व्हेगस चालवणाऱ्या मिस्टर हाउसच्या की स्वतःच्या, हे तुम्ही ठरवायचं. खऱ्या हूवर धरणामागेही एक गाव बुडालंय. सेंट थॉमस. १९३८ मध्ये लेक मीडचं पाणी आलं आणि गाव गेलं. आता तळं आटल्यावर तिथली जोती वर आली आहेत. आजोबांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यास्नी जमीन कुठं दिली?" मला सांगता आलं नाही.

वासोट्याची चढण दोन-अडीच तासांची, सगळी झाडीतून. सुरुवातीला मारुती-गणपती, मग ओढा, मग दम. वाटेत गव्यांचं ताजं शेण. आमच्या नावेतला एक पोरगा फोटोसाठी वाट सोडून आत शिरायला लागला, तसा मागून आलेला वनरक्षक फक्त "ओ" म्हणाला. पोरगा परत. न्यू व्हेगसमध्ये डोंगर चढायला गेलं की अदृश्य भिंतीला नाक आपटतं, आणि त्यावर खेळाडू आजवर चिडलेले आहेत. ती भिंत "ओ" म्हणाली असती तर इतकं वाईट वाटलं नसतं.

वर बाबूकड्याच्या समोर उभं राहिल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. मग दादानं डब्यातली चटणी-भाकरी काढली आणि एक माकड बोललं.

रात्री पाय उचलत नव्हते, तरी वहिनींनी लॅपटॉप उघडला. यावेळी दक्षिणेकडून. पहिलं मोठं गाव प्रिम. गोळीबार दादानं करायचा, निर्णय वहिनींनी, अशी वाटणी. शेरीफ मारला गेलाय, गावाला नवा हवाय. तीन पर्याय. मायर्स, जो पूर्वी शेरीफ होता पण कायदा हातात घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. प्रजासत्ताकाचं सैन्य. किंवा जुगारघरातला काउबॉय टोपीतला रोबो, नवा प्रोग्राम भरून.

एव्हाना मामा-मामीही येऊन बसले होते. मामा जिल्हा परिषदेतून निवृत्त. "सैन्य आलं म्हणजे कर आला," ते म्हणाले. "तो तुरुंगातला घ्या. माणूस कामाचा दिसतोय."

"कायदा मोडलेल्याच्या हातात कायदा द्यायचा?" वहिनी.

"रोबो घ्या की," मामी लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "खायला मागत न्हाय, लाच घेत न्हाय."

"बिघडला तर?"

"माणूस बिघडत न्हाय व्हय?"

हे अर्धा तास चाललं. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला या घरात एवढी चर्चा झालेली मला आठवत नाही. शेवटी उद्यावर ढकललं, आणि वहिनी गावात हिंडत एका दुकानवजा घरात शिरल्या. तिथं टेबलावर एक मोडका, गोल रोबो पडलेला.

"हाच का तो तुमचा हरवलेला?"

दादानं माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. तोवर आमच्यातल्या कुणालाच सुचलं नव्हतं. जुना सेव्ह उघडला, 'सातारकर'ला प्रिममध्ये नेलं, त्याच घरात शिरलो. ईडी-ई हवेत तरंगत होता. पिपाणी वाजवली त्यानं.

बग नव्हताच. साथीदाराला निरोप दिला की तो आपल्या मूळ जागी परत जातो. चौदा वर्षांपूर्वी इंग्रजी बेताचं असलेल्या दोन पोरांनी कुठलंतरी बटण दाबून त्याला जा म्हटलं होतं, आणि तो मुकाट घरी येऊन थांबला होता.

"तू दाबलं असणार," दादा म्हणाला.

मीच दाबलं असणार.

चौथा दिवस, सोमवार

सज्जनगडावर गाडी बऱ्याच वरपर्यंत जाते, मग पायऱ्या. काल वासोटा झाल्यावर त्या पायऱ्या मोजाव्या लागल्या. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, कड्यावरून उरमोडीचं पाणी बघितलं. (दुपारच्या महाप्रसादाच्या वेळेला पोचा. गव्हाची खीर चुकवू नका.) मामींनी पेढ्यांचा नवा पुडा दिला आणि तो मी पुण्यापर्यंत उघडणार नाही असं कबूल करून घेतलं.

संध्याकाळची एसटी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ ट्रकच्या रांगेत थांबली होती तेव्हा दादाचा निरोप आला.

"मायर्सला शेरीफ केला. बाबा खूश. दारातून बाहेर पडलो आणि गेम बंद पडला. एफ ५ दाबायचं राहिलं, ऑटोसेव्ह बंदच होता. सगळं परत कालच्या जागी. आई म्हणते, आता परत मत घ्या."